खालची कातडी

नवतप्याचा तिसरा दिवस. उपकेंद्राचा पंखा
नुसतीच गरम हवा इकडून तिकडे लोटत होता,
तेव्हा जयमाला नान्हे आली,
मान अशी सांभाळत, जणू ती उसनी आणली आहे.

खांद्यांवर टूथपेस्ट. वाळून भेगाळलेली,
मे महिन्यातल्या तळ्याच्या गाळासारखी.
ओल्या कापसानं मी ती काढत गेले
आणि खाली लागलं लालभडक.
बंडीचा पट्टा होता तिथे तेवढी जुनी जयमाला,
दोन बोटं रुंद.

"भोयर सर म्हणतात जी,
एकदा सोललं का मंग खालची पक्की येते.
रापून घ्या म्हणतात. भरतीच्या दिवशी ऊन लागत नाही मंग."

भरतीवाले सावली पाहून बोलवत नाहीत, हे खरं.
चार किलोचा गोळा मुरमावर पडून तापतो
आणि मानेला टेकवूनच फेकावा लागतो,
हेही खरं.

उंबऱ्यातून तिची आई:
"सांगा तिले, बाई. कोळसा झाली पोरगी. कोन करन हिले?"
"काळी तं काळी," जयमाला म्हणाली,
"वर्दी तं खाकीच रायते."

दोघी रंगावरून भांडत राहिल्या.
मी रंगाचं बोलतच नव्हते.
रंग आमच्या घरचाच, त्याची कसली तक्रार.
मी मसुरीएवढे फोड पाहत होते,
आत पाणी धरून बसलेले.
म्हटलं, खालून येते ती पक्की नसते गं,
ती बाळाची असते.
आठ दिवसांचं बाळ तू दोन वाजता मैदानावर नेशील?
ती हसली. "बाळाले भरती नसते, मॅडम."

मलम दिलं. फोड फोडू नको म्हटलं, पाणी पी म्हटलं,
रजिस्टरात लिहिलं: सल्ला दिला.
दुसऱ्या दिवशी दोनला शाळेकडून शिट्टी ऐकू आली.

तिसऱ्या दिवशी तिला मोटरसायकलवर मधे बसवून आणली.
बाहेर शेचाळीस, आणि ती गोधडी मागत होती.
कुडता पाठीला चिकटलेला.
सलाईनच्या पाण्यानं भिजवत, थोडा थोडा,
सोडवायला मला सव्वा तास लागला.
एवढ्या वेळात ती एकदाही ओरडली नाही.
ते मला आवडलं नाही.

बाप, फागू, व्हरांड्यात बसला होता,
पायाच्या अंगठ्यात जाळं अडकवून, सुई चालवत.
वर न बघता म्हणाला,
"फाटलं जाळं मी पान्यात टाकत नाही, पोरी.
मासा जाते तं जाते. छेद मोठा होते.
अन् गाठ मारली त्याच दिवशी टाकलं,
तं गाठ बी जाते."
मग दातानं दोरा तोडला.

आता पहाटे चारला तळ्याच्या पाळीवरून
पावलं ऐकू येतात. कुणीतरी मोठ्यानं आकडे मोजतं.
भावाचा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालते म्हणे.
परवा सांगत होती, त्या वेळी गोळा गार लागतो,
मानेला बरं वाटते.

माझ्या उजव्या दंडावर एक डाग आहे,
पोलिओच्या दिवसांतला, उन्हातल्या सायकलचा.
दोनदा सोललं होतं तिथे, दोनदा तशीच गेले होते.
हल्ली त्याची कड वाकडी झाली आहे.
पावलं लांब गेली की मी टॉर्च लावून तो बघते,
आणि उजाडलं की कुणाला तरी दाखवीन,
असं रोज म्हणते.