हिरवी फीत

आंद्रुईत, चिंचेखाली, काटा टांगलाय.
सुआझाराचं पोर चड्डीतून लोंबतंय,
काट्याहून जास्त तीच हलते.

ताईत काढ, मी म्हणते.
राहू दे, तोही त्याचाच, ती म्हणते.

मग दंडावर फीत.
मागे लाल होती,
नंतर पिवळी,
आज हिरवी!
मी हसून वहीत खूण करते.
ती हसत नाही.

हिरवी म्हणजे पाकिटं बंद.
शेंगदाण्याच्या त्या एका पाकिटावर
तिघं पोरं होती
आणि रिकामं झालं की
आतून चाटणारी
सातव्या महिन्यातली ती.

फीत मी तिच्याच दंडाला लावून पाहते.
माझ्या वहीत
तिच्यासाठी रकाना नाही.

ती निघते लाल धुळीतून
निवडुंगाची फळं शोधत.
पोर आता जड झालंय.
दोनदा थांबते.