पोटातून की पाठीतून

डॉक्टर खांबेट्यांनी रिपोर्टच्या मागच्या कोऱ्या बाजूला
एक मूत्रपिंड काढलं, राजम्याच्या दाण्यासारखं,
आणि त्याच्या डोक्यावर तिरकी टोपी.
ही उतरवायची, म्हणाले. डावी. आत साडेतीन सेंटिमीटरची गाठ.

अकरा वर्षं मशीनवर बसल्या बसल्या
मी घामानं चिंब व्हायचे, छातीत घोडं उधळायचं,
आणि वाटायचं, भाडं थकलंय म्हणून.
निलूचा फोन आला नाही म्हणून.
टोपीचं नाव कुणी घेतलं नव्हतं.

रस्ते दोन.
पोटातून जायचं तर कुशीवर झोपवतात, गॅस भरतात,
आतडं सरकवायचं, प्लीहा अलगद कलती करायची,
स्वादुपिंडाचं शेपूट सांभाळायचं.
जागा ऐसपैस, खुणा ओळखीच्या.
पाठीतून जायचं तर पालथं,
शेवटच्या बरगडीखाली तीन काजं.
वाट अरुंद, पण थेट. पोटाला पत्ताही लागत नाही.

मी गुलटेकडीत ब्लाउज शिवते.
म्हटलं, डॉक्टर, पुढून उसवलं की अस्तर, पट्टी, कटोरी, सगळं हलतं.
मागून चार टाके सोडले की भागतं,
पण आतली गुंडाळी मोठी असेल तर बोटं शिरत नाहीत.
ते हसले नाहीत.
म्हणाले, सहाच्या वर असती तर मीही पुढूनच गेलो असतो.

आई म्हणायची, पाठीवर मारा, पोटावर मारू नका.
आणि पाठीत वार कसा होतो
ते दिरानं दुकानाच्या कागदांवर दाखवलंच होतं.

ठरवलं शेवटी माझ्याच जुन्या शिवणीनं.
दोन सिझर. आत काय कशाला चिकटलंय देव जाणे.
पाठ कोरी होती.

आधी दोन आठवडे गोळ्या,
आणि पाणी भरपूर, मीठ जास्त.
बीपीवाल्या जाऊबाईंच्या देखत
मी लोणच्याची बरणी पुढ्यात ओढली.
एवढं सुख त्या आजारात एकच.

तिसऱ्या दिवशी घरी. मार्केट यार्डाच्या सिग्नलला
रिक्षावाल्यानं विचारलं, कंबर धरलीय का?
निलूनं मोबाइलवर पाठीचा फोटो काढून दाखवला.
टाके सरळ होते. मी थोडे जवळ घातले असते.

काल भाडेवाल्यानं दार वाजवलं.
घोडं उठलं,
पण चालत आलं.
मी सुईत दोरा ओवला, गाठ मारली,
मग उठले.