कबीटखेडी, सतरावी फेरी

प्रयोगशाळेत सगळ्यांत आधी येतो
तो क्लोरीनचा वास. कुलूप उघडायच्याही आधी.
मग मी. मग बर्फाच्या डब्यात बाटल्या घेऊन
गेंदाबाई पथरोड, नाल्याच्या तोंडावरून.
"आज कान्ह जरा जास्तच काळी आहे, मॅडमजी."
ती रोज हेच म्हणते. रोज खरं असतं.

काम तसं सोपं आहे.
एका नळीत दहा लाख विषाणू,
वर मोजून टाकलेलं क्लोरीन,
घड्याळात एक मिनिट,
मग थायोसल्फेटचा थेंब, म्हणजे पुरे, आता थांब.
जे उरतात त्यांना पेशींच्या चादरीवर सोडायचं.
ते पुन्हा दहा लाख होतात.
पुन्हा क्लोरीन. पुन्हा घड्याळ.

पहिल्या फेरीत उरले साठ.
नवव्यात चारशे.
सतरावी मी तीनदा मोजली:
जांभळ्या काचेवर पांढरी भोकं,
फोडणीचं तेल उडालेल्या परकरासारखी,
आणि बोट ठेवायला जागा नाही.

नवा मुलगा, बिडवई, वाकून बघतो.
"म्हणजे ते शिकले का, ताई?"

नाही रे. कुणीच काही शिकलं नाही.
मेले ते मेलेच, काही न कळता.
फक्त नक्कल उतरताना कधी एखाद्याच्या कवचात
ऱ्हस्वाचं दीर्घ झालं होतं.
एरवी त्या चुकीला कुणी विचारलं नसतं.
आपण विचारलं.
सतरा वेळा विचारलं.

आणि ही झाली गाळलेल्या पाण्यातली गोष्ट.
बाहेर ठेकेदार पिंपात निम्मी पावडर, निम्मा चुना घालतो;
जी पावडर पडते तिच्यातली बरीचशी
गाळच खाऊन टाकतो;
आणि गाळाच्या एकेका कणात ते एकमेकांना बिलगून,
बाहेरचे जातात, आतले राहतात.
अर्धा मारलेला साप डूख धरतो म्हणतात.
हे तर डूखही धरत नाहीत.
नुसते उरतात.
वरच्या भिंतीवर रंगवलंय: आपलं शहर, पहिला नंबर.
रंग ताजा आहे. दरवर्षी देतात.

अहवालाला शब्द हवा होता.
'प्रतिकार' लिहिलं, खोडलं.
तो कुठे कुणाशी लढला?
अहवाल हिंदीत जातो, डोकं मराठीत चालतं,
दोन्हीकडे एकच शब्द निघाला: सहनशीलता.

हा शब्द मी ओळखते.
रामबागेतून माझ्या स्थळासाठी जो कागद फिरला
त्यात उंचीच्या खाली, गोत्राच्या वर
मामांनी सुवाच्य अक्षरात तो लिहिला होता.

विषाणू काय सोसतो?
त्याला ना कातडी, ना रात्रीची आग.

गेंदाबाई बावीस वर्षं पिंपात हात घालून ढवळते.
तिच्या अंगठ्यावरच्या रेषा पुसल्या गेल्यात,
हजेरीचं यंत्र तिला ओळखत नाही.
हिरवा दिवा लागेस्तोवर ती अंगठा पदराला पुसते,
थुंकी लावते, पुन्हा टेकवते,
आणि महिन्याचे तीन-चार दिवस
ती आलेलीच नसते.

बावीस वर्षांच्या फेऱ्या.
तिच्या कातड्याला काही साधलं नाही.
ते फक्त जळत गेलं.

रंगपंचमीपासून तिची मुलगी, रेशमा,
त्याच पिंपावर आहे.
काल बाटली देताना तिचा हात बघितला:
साधा, मऊ,
नखांना उरलेला गुलाबी रंग.
आईनं सोसलेलं त्यात काहीच उतरलं नव्हतं.
हात पहिल्या फेरीतला होता.

मी सहनशीलता खोडलं.
जागा कोरी ठेवली.
खाली, निष्कर्षाच्या रकान्यात लिहिलं:
रबरी हातमोजे, कोपरापर्यंतचे, दोन जोड.

परत येईल, ठाऊक आहे.
मागणीचा फॉर्म वेगळा असतो.