मेन बंद असताना

भिकाजी घाडीगावकर, वय एकाहत्तर,
पालिकेच्या पाणी खात्यात चौतीस वर्षं चावीवाला.
आदल्या संध्याकाळी मी माझा पंप समजावायला गेले
तर त्यांनाच मला काही समजावायचं होतं:
वडाळ्याच्या रस्त्यात कमरेएवढ्या खड्ड्यात उतरून
लांब दांड्याची चावी किती आटे फिरवायची,
मोजून,
कारण एक आटा कमी पडला
तर अँटॉप हिलच्या शेवटच्या घराला थेंब नाही.
मग म्हणाले, ‘बाई, एक सांगा.
तुम्ही मेन बंद करणार,
तेवढा वेळ खालच्या वस्तीला पाणी कोण देणार?’

या एका प्रश्नावर जाडजूड पुस्तकं आहेत.
मी म्हटलं, टँकर.
ते हसले नाहीत. ‘किती?’

परळ. सकाळचे सव्वाआठ.
डॉक्टर मिस्किटांनी डाव्या बगलेखालून बेंबीपर्यंत
उघडलं त्यांना,
आणि दिसली ती महाधमनी,
फुगून सात सेंटिमीटर, भिंत कांद्याच्या पापुद्र्याची,
दर ठोक्याला आमच्याकडे जराशी सरकणारी.

‘क्लॅम्प.’
भिंतीवरच्या घड्याळाच्या आत दुसरं घड्याळ सुरू.

हृदयाच्या डाव्या कप्प्यातून थोडं रक्त मागून घेते,
मांडीतून आत सोडते, उलटं, खालून वर.
यकृताला, आतड्यांना बारीक नळ्या.
मूत्रपिंडांना रक्त नाही, गारवा:
बर्फातल्या बाटल्या, चार अंश.
निजा. मागणीच कमी करा.

आणि कणा.
आतडं काळवंडून सांगतं, मूत्रपिंड रुसून.
कणा काही मागत नाही.
गप्प मरतो,
आणि शुद्धीवर आलेला माणूस विचारतो,
माझे पाय कुठे ठेवलेत?
म्हणून नफीसा पाठीतलं पाणी थेंबाथेंबानं काढते,
दाब दहाच्या वर जाऊ देत नाही.
सकाळपासून तिनं मान वर केलेली नाही.

पांढऱ्या नव्या नळीला खिडकी पाडून
डॉक्टर बरगड्यांमधल्या वाहिन्या परत टाचतात,
दोन, तीन, सापडतील तेवढ्या.
नकाशात नसलेल्या गल्ल्यांना कनेक्शन.

बावन्न मिनिटं.
पोटभर मी कोणालाच देऊ शकत नाही.
कोणी मरणार नाही, एवढंच देते.
घरी विचारतात, तू नेमकं काय करतेस,
तेव्हा हे सांगता येत नाही.

क्लॅम्प सुटतो. एकदम नाही, आट्याआट्यानं.
डॉक्टरांचा हातही मोजतो.

नंतर मी पिशवीपाशी बसले.
रिकामी.
फ्लायओव्हरवरचे दिवे लागले, तरी रिकामी.
मग नळीत काहीतरी लालसर, गढूळ.
नफीसा म्हणाली, हे काय ग?
काल मी उठताना ते म्हणाले होते,
‘लाइन चालू केली की पहिलं पाणी असलंच येतं.
लोक ओरडतात. ओरडू द्यायचं.
वाहू द्यायचं.’

रात्री साडेदहा.
‘घाडीगावकर, अंगठे हलवा.’
उजवा हलला.
डावा नाही.
नफीसानं रक्तदाब चढवला,
पाठीतून आणखी थोडं पाणी काढलं.
मी चादर वर धरून उभी.
टेकडीवरचं शेवटचं घर आहे ते.
चढायला वेळ लागतो.