पडदा

पाटणबोरीच्या बाजारात माझा पडदा टांगलेला असतो:
तेवीस मजली काचेची इमारत, मागे निळं आभाळ,
फ्लेक्सवाल्याने नेटवरून उतरवलेलं.
कोणत्या शहरातली, मलाही ठाऊक नाही.
लग्नाळू पोरं तिच्यापुढे गॉगल लावून उभी राहतात.
खालची कड मी तुरीच्या पोत्यानं दाबतो,
तरी वारा आला की वरचे सहा मजले पोट काढतात.

लटारू कोवे आला तो आधी पडद्याजवळच गेला.
बोटानं मजले मोजले, ओठ हलवत.
चौदाव्यावर थांबला.
"हे पुण्याची हाये. इथी एक खिडकी उलटी बसवली आमी.
साहेबाले आजवर मालूम नाई."

मी भिंग लावून पाहिलं.
सगळ्या काचा सारख्या.

फोटोसाठी तो मधे उभा राहीना.
"बाजूले घे भाऊ, मी आडवा येतो तिले."
शेवटी तिपाई मागे नेली, पार भज्याच्या कढईपर्यंत.
तो कडेला, अर्धा खांदा चौकटीबाहेर,
आणि चौदावा मजला नीट फोकसमध्ये.

पैसे मोजताना म्हणाला,
"सात महिने वरच रायलो.
खालून पायलीच नोती."