काट्यावरचे पहिले पाच

खाण बंद झाली तेव्हा वजनकाट्याच्या खोलीतून
मी एवढंच घरी आणलं: एक कोरं रजिस्टर.
वाहन क्रमांक, भरलेलं वजन, रिकामं वजन, निव्वळ.
आता त्यात धडे युनियनचे सामने मांडतो.
वाहनाच्या जागी समोरचा संघ,
भरलेल्यात त्यांचे गोल, रिकाम्यात आमचे.
हे मुद्दाम नाही केलेलं,
रकाने आधीच छापलेले होते.

पहिला शिरोड्याशी. तीन-शून्य.
मैदानात घोट्याच्या वर गवत;
पंचायतीने कापायला माणूस पाठवला
तो मध्यंतरात पोचला, यंत्र चालू होईना.
मी म्हटलं, पहिलाच तर आहे.
कायतान म्हणाला, पहिलाच तर आहे.
मग दोघे उरलेले चणे संपेपर्यंत गप्प.

दुसरा चांदरला, त्यांच्या अंगणात. एक-शून्य,
तोही आमच्या सगुणच्या गुडघ्याला लागून आत.
सगुण वीजखात्यात लाइनमन.
आदल्या रात्री तिळामळला आडवा झालेला खांब
उभा करत होता पहाटे चारपर्यंत.
लोक त्याला काय काय बोलले, कोकणीत आणि मराठीत,
आईपासून सुरू करून.
शेरा म्हणून रकाना असता
तर मी खांबाचं लिहिलं असतं.

तिसरा बरोबरीत. शून्य-शून्य. निव्वळ शून्य.
बावीस वर्षांत काट्यावर असं एकदाही झालं नव्हतं.
ट्रक रिकामा आला तरी
त्याला त्याचं स्वतःचं वजन असतं.

चौथ्याचं पान दुमडून ठेवलंय.

त्या दिवशी कायतान अर्ध्यातच उठून गेला,
छत्री बाकावर विसरून.
खरं तर विसरला नसावा.
रात्री बायको म्हणाली, खाण बंद पडली तेव्हाही
तुम्ही जेवण टाकून उठला नव्हता.
खरं होतं.
तेव्हा निदान दोष कुणाचा ते पेपरात छापून येत होतं.

पाचवा परवाच्या रविवारी, आपल्याच मैदानात.
रिवणचा एक वेळीप, दीपराज, अठरा वर्षांचा,
चार सामने बाकावर बसून दुसऱ्यांची केळी सांभाळत होता.
प्रशिक्षकाने त्याला घेतला
कारण दुसरं कुणी उरलं नव्हतं.
एक-एक. शेवटची काही मिनिटं.
चेंडू त्याच्या नडगीला लागला, पायाला नव्हे,
आणि इतका हळू निघाला गोलाकडे
की मला उभं राहायला, चष्मा पुसायला,
पुन्हा बसायला वेळ मिळाला.
त्यांचा गोलरक्षक पडला तो भलत्याच बाजूला.

दोन-एक. मी घरी येईपर्यंत
घसा बसला होता; वाटेत पोदेराने विचारलं, कोण गेलं?

पाच सामने, चार गुण, दहा संघांत नववे.
दहावा कोण तेही विचारून ठेवलंय.
त्यांच्या संघात भांडणं आहेत म्हणतात.
ऐकून बरं वाटलं, मग लाज वाटली, मग पुन्हा बरं.

नवीन पोरांना मी शिकवायचो:
ट्रक चढला की काटा डोलतो,
डोलताना आकडा लिहू नका,
ड्रायव्हर हॉर्न मारू दे, शिव्या देऊ दे,
थांबा.
आणि स्वतः मात्र रविवारी रात्री
पेन्सिल हाताशी असताना
शाईने लिहिलं. ठळक. खाली दोन रेघा.

पुढचा सामना कुडतरीशी. त्यांचा एक पुढचा गडी
दारातून वाकून येतो म्हणे.
कायतानला फोन केला, म्हटलं, तुझी छत्री माझ्याकडे आहे.
तो म्हणाला, पाऊस कुठे आहे आता?
मी म्हटलं, तरी घेऊन येतो.
पलीकडे बराच वेळ काही नाही.
मग विचारलं त्याने, किती वाजता?