जळतोय

हरिपूरच्या रस्त्यानं तिघी एका स्कूटीवर.
पुढे वृषाली आवटी, मध्ये मी,
मागे महानंदा, जतची, अकरावीत नवी आलेली.
"काय करायलाव?" म्हणायची आणि आम्ही हसायचो.
आम्ही म्हणजे आधी वृषाली हसायची, मग मी.
हा क्रम ध्यानात ठेवा.

वृषाली म्हणाली म्हणून मी वेणी कापली.
आईशी बोलणं जवळजवळ सोडलं.
बदल्यात मधल्या सुट्टीत ती
फक्त माझ्या डब्यात हात घालायची.
क्षुल्लक वाटेल तुम्हाला.
सोळाव्या वर्षी तुम्ही कुणाच्या हाताची वाट पाहिली नसेल.

मग ती महानंदाच्या डब्यात हात घालू लागली.
कडक भाकरी, शेंगाचटणी.
"हिच्या आईच्या हाताला चव आहे,"
हे मात्र माझ्याकडे बघत.

आवट्यांची पेवं होती हरिपुरात, हळदीची.
तोंडातून माणूस जेमतेम जाईल,
पोट खोलीएवढं, सगळं जमिनीखाली.
पेव उघडलं की आधी दोरानं कंदील सोडतात.
जळत राहिला तर माणूस उतरतो.
विझला तर थांबायचं, वारं जाऊ द्यायचं आत.
एवढंच शास्त्र. हमालांची पोरंही जाणतात.

त्या रविवारी एका रिकाम्या पेवाची फरशी
आम्ही तिघींनी मिळून सरकवली.
वृषालीनं कंदील सोडला. वाकली.
बराच वेळ वाकूनच राहिली.
"जळतोय."
"उजेड दिसंना," महानंदा म्हणाली.
"पेवाचं पोट मोठं असतं येडे, कडेला सरकलाय."
महानंदानं तिच्याकडे नाही, माझ्याकडे पाहिलं.
"तू बघ की."

मी वाकले.
हळदीचा जुना, ओला वास.
खाली काही नव्हतं, डोळ्याला धरायला
टाचणीएवढी ठिणगीसुद्धा नव्हती.
आणि माझ्या मानेवर वृषालीचा हात,
हलका, कापलेल्या केसांशी खेळणारा,
कितीतरी दिवसांनी.

"जळतोय," मी म्हणाले.

महानंदानं चपला काढल्या,
देवळाबाहेर काढतात तशा, जोडीनं लावून,
आणि दोर धरला.
एक हाक तिची आली.
पुढच्या हाका मी मारल्या.
वृषाली मनगटावरचं घड्याळ बघत होती,
पेपरला शेवटची दहा मिनिटं उरल्यावर बघतात तसं.

पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे.
माझी किंकाळी, धावत आलेले हमाल,
पाणी, रिक्षा, मिरजेचा दवाखाना.
वाचली ती. जतला परत गेली.
अजून म्हणे बोलता बोलता थांबते,
साधा शब्द असतो, मीठ, खिडकी,
तो शोधत राहते.

ठाऊक नाही ते एवढंच:
लोक पोचण्याआधी वृषालीनं कंदील वर ओढला.
काच थंडगार. तेल तसंच.
तिनं काडी ओढली, वात लावली,
आणि कंदील माझ्याकडे दिला.
लोकांनी पाहिला तेव्हा तो जळत होता.
माझ्या हातात.

दर वाढदिवसाला तिचा फोन येतो इस्लामपूरहून.
कंबरदुखीचं बोलते, हळदीच्या भावाचं,
पोराच्या बारावीचं.
ठेवताना विचारते,
"जळत होता ना गं?"
मी लेकीच्या डब्याचं झाकण लावत असते.
ते बसत नाही लवकर.
"हो," म्हणते.

मग ती हसते.
मग मी.